मागतात तोवर

"उपाशी न्हाई मेला ह्यो. खाऊन मेलाय," मल्लाप्पा म्हणाला. डब्यातला गोल्डफिश चिमटीत धरून त्याने दाराशी, उजेडात नेला. माशाचं पोट टरारून फुगलं होतं आणि अंगावरचे खवले उभे राहिले होते.

डबा घेऊन आलेली सुखदा मूळची पुण्याची. राहायला मारतहळ्ळीला, नोकरी तिथल्याच कुठल्याशा टेक पार्कात. मारतहळ्ळीहून चामराजपेटेत यायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्याला वाहायचा. तरी ती आली होती, कारण मासे याच दुकानातले होते आणि तिला भांडायचं होतं. भांडण तिने हिंदीत सुरू केलं. तिच्या हिंदीतली मराठी ओळखून मल्लाप्पाने मराठीत उत्तर दिलं तेव्हा त्यातला निम्मा जोर गेला. बंगळुरात अनोळखी माणसाच्या तोंडून मराठी ऐकली की माणूस नरमतो, मग ती मराठी निपाणीकडची, कानडी हेल काढणारी का असेना.

"पण काका, ते सारखे मागतात हो," ती म्हणाली. "मी लॅपटॉप घेऊन बसले की समोर काचेला येऊन तोंड उघडझाप, उघडझाप. इतकं गिल्टी वाटतं. माझ्या मुलीला तर बघवतच नाही. मग टाकतो चिमूटभर. ती टाकते, मी टाकते, सासूबाई टाकतात."

"तिघी टाकताय. मग कसा जगंल?"

"अहो, पण भूक लागल्याशिवाय कोण तोंड उघडेल?"

"तुमी दिसला म्हणून उघडतंय. माणूस दिसला की खाणं येतंय, एवढं कळतंय त्याला. पोट भरलंय हे कळत न्हाई. ह्या जातीला जठरच नसतंय, ताई. घालाल तेवढं घेतंय." मल्लाप्पाने मासा परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. "तोंड उघडलं म्हंजे भूक, असं नसतंय."

हे वाक्य तो दुकान टाकल्यापासून कानडीत, हिंदीत, तमिळमध्ये आणि अधूनमधून मराठीत सांगत आला होता. लोकांना ते पटत नसे. खाऊ घालण्यासारखं पुण्य नाही असं ऐकत माणूस मोठा होतो. हात आवरा म्हणणारा त्याला खाष्टच वाटणार. त्यातून हा स्वतः खाणं विकायला बसलेला दुकानदार. पण मल्लाप्पाचा हिशेब सरळ होता. पिल्लांना थोडं थोडं पण वरचेवर द्यायचं, उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीच्या फडक्यातून गाळून, धुकं उतरावं इतकं बारीक. मोठ्यांना सकाळ-संध्याकाळ, आणि तेही उभं राहून. टाकायचं, बघत थांबायचं, संपलं की मग जायचं. उरलं तर जाळीने काढून टाकायचं, कारण उरलेलं खाणं तळाशी कुजतं, पाणी नासतं आणि मासा त्या पाण्याने मरतो. आणि सोमवारी दुकानातल्या एकूण एक माशाला उपास.

सोमवारचं हे खूळ मूळचं शिवलीलेचं, म्हणजे त्याच्या बायकोचं. लिंगायताच्या घरात सोमवार पाळतातच. नव्या दुकानात पहिल्या सोमवारी ती डबा द्यायला आली आणि माशांपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमी उपाशी आनी ही खाणार व्हय?" म्हणाली. त्याने चेष्टेचेष्टेत त्या दिवशी खाणं टाकलं नाही. मंगळवारी पाणी काचेसारखं नितळ होतं आणि मासे कधी नव्हे ते चपळ दिसत होते. तेव्हापासून तो नियमच झाला. दुकानाच्या पाटीवर नावही तिचंच होतं, 'शिवलीला अक्वेरियम', आणि नावाच्या दोन्ही बाजूंना एकेक केशरी मासा. त्यातला एक रंगाऱ्याने घाईत उरकल्यामुळे बटाट्यासारखा दिसायचा.

सुखदा शेवटी दोन नवे मासे न घेताच गेली. "आधी टाकीतलं पाणी निवळू दे, मग या," असं सांगून मल्लाप्पाने तिला परत पाठवली. गिऱ्हाईक परत पाठवणं हा त्याचा जुना दुर्गुण होता.

दुपारी शटर अर्धं ओढून तो मागच्या बोळातल्या घरी गेला. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खिडकीशी लोखंडी खाट, खाटेवर शिवलीला. तो दारात दिसताच तिने तोंड उघडलं.

"आलो की," तो म्हणाला. "काय मागालीस? मागत न्हाईस तू. मी दिसलो म्हणून करालीस."

तिचं तोंड उघडंच राहिलं. डाव्या नाकपुडीतून निघालेली नळी गालावर चिकटपट्टीने बसवलेली होती. त्याने हात धुतले, नाचणीची गंजी, म्हणजे पातळ पेज, मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळली, उशा रचून तिचं डोकं उंच केलं आणि नळीचं बूच काढून सिरिंजमधून गंजी सावकाश सोडायला लागला. गंजी नाकातून थेट पोटात उतरत होती. तोंड तसंच उघडं, रिकामं.

गेल्या श्रावणात गच्चीवर कपडे वाळत घालता घालता ती खाली बसली आणि उठलीच नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गिळणं गेलं. यातलं गिळणंही जाऊ शकतं हे मल्लाप्पाला कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याला वाटलं, ही सुटली यातून. तो धावत खाली गेला आणि चहा घेऊन आला.

चहाच का, तर शिवलीला चहाबाज होती. उठल्या उठल्या, अंघोळीनंतर, दुपारी, दिवेलागणीला. कपातून पिणं तिला कधी पटलं नाही. बशीत ओतायचा, फुंकर घालायची आणि फुर्रकन ओढायचा, मग समोर व्याही बसलेले असोत नाहीतर स्वामीजी. सोमवारचा उपास कडक, पण चहा ती उपासात धरत नसे. "देवालाबी चहा आवडतोय," म्हणायची, "त्याला कोण इचारत न्हाई, एवढंच."

तर तो चहा त्याने दवाखान्यात घोटभर तिच्या ओठांत ओतला आणि तो गेला श्वासनळीत. ती नीट ठसकलीसुद्धा नाही, नुसती निळी पडत गेली. पळापळ झाली. खाट ढकलत तिला काचेच्या खोलीत नेलं, आणि मल्लाप्पा कितीतरी दिवस त्या काचेबाहेर उभा राहिला. "तुम्हीच मारलं असतं त्यांना," तिथली एक नर्स त्याला म्हणाली होती. ती रागाने म्हणाली नव्हती, पण ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

म्हणून घरी आणल्यावर त्याने ठरवलं, चूक एकदा झाली, पुन्हा नाही. नळीचं सगळं त्याने शिकून घेतलं. कधी डाळीचं पाणी, कधी गंजी, कधी पातळ ताक. किती सावकाश सोडायचं, नंतर पाणी घालून नळी कशी साफ करायची. सकाळ-संध्याकाळ तो तिच्याकडे दुकानदाराच्या नजरेने बघायचा: डोळे स्वच्छ आहेत, कातडीला चमक आहे, अंगाला सूज नाही. "कशी ठेवलीय बघ," असं मुलीला, वीणाला, म्हणायचा. आणि खरंच ठेवली होती. शेजारणी येऊन म्हणायच्या, अक्कांची तब्येत आधीपेक्षा बरी दिसते.

फक्त ते तोंड. तो दिसला की उघडायचं. त्याने स्वतःचा चहा घरात करायचा बंद केला, तिला वास लागायला नको म्हणून. कोपऱ्यावरच्या हॉटेलात पिऊन यायचा आणि तिच्याजवळ जाण्याआधी चूळ भरायचा. तरी ती तोंड उघडायचीच.

दिवसा तिच्याजवळ बसायला कावेरी नावाची बाई येई. ती तुमकूरकडची, कानडीशिवाय तिला काही येत नव्हतं, आणि मल्लाप्पाशी ती कानडीतच वाद घाली.

"अण्णा, अक्का मागतायत," ती एकदा म्हणाली.

"मागत नाही. सवय आहे ती."

"मी दिसले तर नाही उघडत. वीणाक्का आल्या तरी नाही. तुम्ही दिसलात की उघडतात."

"तेच सांगतोय. देणारा हात ओळखता येतो. त्याला भूक म्हणत नाहीत."

कावेरीने पातेलं घासायला घेतलं. मग घासता घासता म्हणाली, "भूक नसेल. चव हवी असेल. इतके महिने जिभेला काही लागलं नाही, अण्णा. स्वल्प द्या. बोट बुडवून नुसतं जिभेला लावा."

"आणि छातीत गेलं तर?"

यावर कावेरीने पातेलं उपडं घातलं. उत्तर मल्लाप्पाकडेही नव्हतं, पण प्रश्न त्याने विचारला होता, त्यामुळे जिंकला तोच.

डॉक्टरांनी मात्र उत्तर दिलं होतं. दोन-तीन महिन्यांत थोडं गिळणं परत येतं पुष्कळांचं, असं ते मागच्या खेपेला म्हणाले होते. त्यांना घेऊन या. त्याच्या जाणकार बाई आहेत इथे, त्या बसवून, चमच्याने दाट काहीतरी देऊन बघतील. जमलं तर हळूहळू तोंडाने सुरू करू. मल्लाप्पा "सरी" म्हणजे 'बरं', असं म्हणून आला आणि गेला नाही. एकदा रिक्षा मिळत नाही म्हणाला, एकदा तिला बारीक ताप आहे म्हणाला, एकदा नुसतंच पुढच्या आठवड्यात म्हणाला.

वीणा, त्याची एकुलती एक मुलगी, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होती. आठवडाभर तिला मान वर करायला वेळ नसे. रविवारी यायची आणि आईचे केस विंचरता विंचरता बापाशी भांडायची.

"अप्पा, टेस्टला का न्हेत न्हाईस? मी गाडी सांगतो म्हटलं की."

"कशाला? बरी हाय की. वजन बघ, रंग बघ."

"रंग काय बघतोस अप्पा? अव्वा मासा हाय काय?"

मल्लाप्पा हसला. त्याला ते बोलणं लागलं नाही, हे नवल. उलट त्याने तिला समजावून सांगायला घेतलं. "ऐक. एवढी वर्सं दुकान केलो. कमी खाऊन मेलेला मासा मी बघितलो न्हाई. मेले ते सगळे लोकांच्या मायेनं मेले. माया आली की हात सैल सुटतोय. माझा एकदा सुटला, तू होतीस की तिथं. बघितलीस की."

"बघितलो. पर तवा कुणी सांगितलं नव्हतं. आता डॉक्टरच सांगालेत. बसवून देतील, माणसं हाईत तिथं."

"बघू. पुढच्या रविवारी बघू."

वीणाने विंचरणं थांबवलं. आईचा चेहरा बापाकडे वळलेला होता आणि तोंड उघडं होतं. वीणा उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. मल्लाप्पाला ते ऐकू आलं, पण तो जागचा हलला नाही. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. परीक्षेत ती पुन्हा निळी पडेल, ही एक भीती. आणि दुसरी तिच्याही तळाशी होती: ती पास झाली तर? मग इतके महिने ती खरंच मागत होती, आणि आपण दिलं नाही, असं ठरलं असतं. ही दुसरी भीती त्याने स्वतःशीही कधी उच्चारली नाही.

पुढचा रविवार आला. वीणाच्या कारखान्यात ओव्हरटाइम निघाला आणि ती आली नाही. तो रविवार तसाच गेला.

त्यानंतर आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी सुखदा परत दुकानात आली. या वेळी हसत आली. पाणी निवळलं होतं, उरलेला मासा ठणठणीत होता, आणि खाणं टाकायचं काम फक्त सासूबाईंकडे दिलेलं होतं. तिला आता त्याच्या जोडीला दोन हवे होते. मल्लाप्पाने जाळी बुडवली आणि एक चांगला शेपटीवाला पिशवीत घेतला.

"मोठे कसे होतील पण? तुमच्याकडचे किती मोठे आहेत," तिने विचारलं.

"होतील की. घाई करायची न्हाई. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. आठवड्यातनं एकदा वाटाणा उकडून, साल काढून द्या. पोट साफ ऱ्हातंय. पाणी बदला. मासा पाण्यानं वाढतोय, खाण्यानं न्हाई."

"आणि काचेला येऊन मागतात तेव्हा बघायचं नाही."

"बघा की. बघायला काय हाय?" त्याने दुसऱ्या माशामागे जाळी फिरवली. "मागतात तोवर काळजी न्हाई. मागतोय म्हंजे मासा बरा हाय. तुमी गेला आनी तो पुढं आला न्हाई, कोपऱ्यात पडून ऱ्हायला, मग मातर लगेच मला फोन करा. मागायचं थांबला की समजायचं..."

जाळी पाण्यातच राहिली.

सकाळी घरून निघताना तो खाटेपाशी उभा राहिला होता. येतो, असं म्हणाला होता. शिवलीलेने त्याच्याकडे बघितलं होतं आणि तोंड उघडलं नव्हतं. त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. सवय गेली एकदाची, असं मनात येऊन तो चपला घालून निघाला होता. आदल्या संध्याकाळी तरी उघडलं होतं का? ते त्याला आठवेना.

"काका?" सुखदा म्हणाली. "काय झालं?"

"तुमी... हा एक घेऊन जावा. दुसरा मागनं देतो. घरी जाऊन येतो जरा." पिशवीला रबर लावायचं राहिलं होतं. ते तिने स्वतःच लावलं. तोवर तो शटर तसंच उघडं टाकून बोळात शिरला होता.

कावेरी खिडकीशी कपडे घडी करत होती. मल्लाप्पा दारात उभा राहिला. शिवलीलेचे डोळे उघडे होते, त्याच्याकडे वळलेही. ओठ मिटलेले.

"हिनं सकाळपासून तोंड उघडलं का?"

"कालपासूनच नाही, अण्णा," कावेरी म्हणाली. "मला वाटलं, तुमचं म्हणणं पटलं अक्कांना."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखर तसं वाटलं होतं. मल्लाप्पाने जवळ जाऊन शिवलीलेच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोमट होतं. श्वासाला बारीकशी घरघर होती. सुजाण दुकानदाराला टाकीच्या तोंडाशी उभं राहताच जे कळायचं ते त्याला एका रात्रीने उशिरा कळलं.

तो स्वयंपाकघरात गेला. चहापूड संपून किती दिवस झाले होते कुणास ठाऊक. जुन्या डब्याच्या तळाला चिकटलेली त्याने चमच्याने खरवडली. पाणी, साखर, आलं. कावेरीला भाकरीबरोबर खायला दूध आणलेलं होतं, ते घातलं. घरात किती तरी महिन्यांनी चहाचा वास पसरला. शिवलीलेची बशी फळीवर उलटी ठेवलेली होती. ती त्याने धुतली आणि पुसली.

"अण्णा," कावेरी म्हणाली, "त्यांना घरघर लागलीय. आता नको."

"स्वल्प," तो म्हणाला.

मग कावेरी पुढे झाली आणि तिने स्वतःच शिवलीलेला पाठीमागून आधार देऊन बसवलं. मल्लाप्पाने बशीत चहा ओतला, फुंकर घातली, पुन्हा घातली, आणि करंगळी बुडवून तिच्या ओठाला लावली.

"घे की. चहा हाय. मीच आणलोय बघ."

ओठ हलले नाहीत. त्याने बशी टेकवली. चहाची एक बारीक धार हनुवटीवरून गळ्यापर्यंत गेली आणि झंपराच्या काठाशी थांबली. तो बशी तशीच धरून उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत होती, पण त्या बघण्यात मागणं नव्हतं, रागही नव्हता. राग असता तर त्याला चाललं असतं.

"लीला, घे गं," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात कुणासमोर त्याने तिला नावाने हाक मारलेली नव्हती. कावेरीने मान दुसरीकडे वळवली.

संध्याकाळपर्यंत ताप चढला. वीणा कारखान्यातून थेट आली आणि तिनेच गाडी सांगून आईला दवाखान्यात नेलं. छातीत कफ भरलाय, डॉक्टर म्हणाले.

"पर मी तोंडानं काय दिलो न्हाई," मल्लाप्पा म्हणाला. आज ओठाला लावलेल्या चहाचंही सांगितलं. "इतके महिने थेंबसुदीक दिलो न्हाई, डॉक्टर."

भांबावून तो मराठीतच बोलत होता; ते कानडी डॉक्टरला वीणाने कानडीत समजावून सांगितलं. तो तरुण होता आणि दमलेला होता. "आजच्या थेंबाने नाही झालं हे," तो म्हणाला. "नळी असूनही होतं. थुंकी जाते, पोटातलं वर येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हे होतंच कधीतरी."

"तोंडानं दिलो असतो तर?"

"त्यांना तपासायला आणायला सांगितलं होतं ना?" डॉक्टरने कागद चाळले. "कदाचित गिळता आलं असतं, कदाचित नसतं. बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

शिवलीलेने त्यानंतर फार दिवस काढले नाहीत. सोमवारी सकाळी, वीणा औषध आणायला खाली गेलेली असताना, ती गेली. मल्लाप्पा शेजारीच होता. तिचं तोंड शेवटी उघडलं, पण ते श्वासासाठी.

लिंगायतांत माणसाला आडवं करून नेत नाहीत. तिला खुर्चीत बसवून, कपाळाला विभूती लावून, फुलांनी बांधून नेलं, आणि रुद्रभूमीतल्या, म्हणजे त्यांच्या दफनभूमीतल्या, खड्ड्यातही मांडी घालून बसवलं. नाकातली नळी काढलेली होती. गालावर चिकटपट्टीचा चौकोन तेवढा उजळ राहिला होता. बसवून, असं डॉक्टरही म्हणाले होते. ते मल्लाप्पाला त्या क्षणी आठवलं आणि तो खड्ड्याच्या काठाशीच खाली बसला. कुणीतरी त्याला धरून बाजूला नेलं. लोकांना वाटलं, ऊन लागलं.

त्याच संध्याकाळी कुणाला न सांगता तो दुकानात गेला. जीव होते, बघायला हवं होतं. दिवा लावताच सगळ्या टाक्यांमधले मासे सळसळत काचेपाशी आले. लहान, मोठे, केशरी, काळे, सगळे त्याच्याकडे तोंड करून, उघडझाप करत. सोमवार होता. त्याचा हात खाण्याच्या डब्याकडे गेला आणि तिथेच थांबला. हे मागतायत, की नुसता आपण दिसलो म्हणून, हे कुणी विचारलं असतं तर आज त्याला सांगता आलं नसतं. दिवा मालवून त्याने शटर ओढलं.

तिसऱ्या दिवशी दूध-तूप होतं. समाधीवर दूध आणि तूप वाहायचं, मग घरी जाऊन जेवायचं, अशी रीत. चार नातेवाईक निपाणीहून रात्रीच्या गाडीने आले होते. कावेरीही आली होती आणि मागे उभी होती. एकेकाने पुढे होऊन ताज्या मातीवर दूध-तूप वाहिलं. दूध मुरलं, तूप वर पिवळ्या थेंबांत तसंच राहिलं.

मल्लाप्पाची पाळी आली तेव्हा वीणाने पिशवीतून थर्मास काढला, आणि कागदात गुंडाळलेली बशी.

"मी केलो," ती म्हणाली. "अव्वाला."

एक म्हातारा पाहुणा काहीतरी बोलणार होता. विधी सांगणाऱ्या स्वामींनी हाताने त्याला थांबवलं.

मल्लाप्पा मातीशी उकिडवा बसला. बशीत त्याने अगदी थोडा चहा घेतला. आयुष्यभराचा हात होता तो, एकदम सुटला नाही. फुंकर घातली आणि ओतला. माती उन्हाने तापलेली, भुसभुशीत. तिने तो चहा बघता बघता आत ओढून घेतला. तो वाट बघत थांबला. ओल मुरली, वर काही उरलं नाही. मग त्याने आणखी थोडा ओतला. तोही गेला. मग बशी भरून.

लोक फाटकाकडे निघाले. निपाणीच्या पाहुण्यांना परतीची गाडी गाठायची होती.

"चल अप्पा," वीणा म्हणाली. "सगळे थांबलेत."

"थांब. संपू दे."

भरलेली बशीही मातीत गेली. जिथे ओतली तिथे लहानसा खळगा पडला होता. मल्लाप्पाने थर्मास उलटा करून झटकला. दोन थेंब पडले.

"अजून हाय काय?"

वीणाने मान हलवली. त्याने बशी खाली ठेवली नाही. खळग्यापाशी सरळ धरून तो तसाच बसून राहिला.

वीणाने थर्मास उचलला आणि ती फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीकडे निघाली.